पाळणाघराची फी आणि पाळणाघराचा खर्च: नव्या आईबाबांसाठी

लेक पाच महिन्यांची होती तेव्हा मी पाळणाघरांना फोन लावायला बसले. वहीत दोन रकाने आखले: नाव आणि फी. सात-आठ नावं झाली, सगळ्यांत स्वस्त कोण ते कळलं, आणि काम झालं असं मला वाटलं. पुढच्या वर्षभरात त्या वहीत आणखी सहा रकाने वाढले आणि स्वस्त वाटलेलं पाळणाघर तिसऱ्या नंबरवर गेलं. लेक आता सीनियर केजीत आहे. ऑफिसमधल्या नव्या आया, आणि हल्ली एखाद-दुसरा बाबाही, ती वही मागायला येतात, म्हणून एकदाच नीट लिहून काढते. उदाहरणं पुण्यातली आहेत, कारण मला पुणंच माहीत आहे. ठाण्यात किंवा नाशिकमध्ये आकडे बदलतील, रकाने तेच राहतील.

पायरी १: आधी कॅलेंडर काढा

पैशांचा विचार नंतर. सहाव्या-सातव्या महिन्यात, डोहाळजेवणाच्या गडबडीतून एक संध्याकाळ काढून, दोघांनी कॅलेंडर घेऊन बसा.

२०१७ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी पगारी मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली. आधीची दोन मुलं असतील तर ती १२ आठवडे. अट अशी की प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या नोकरीत किमान ८० दिवस काम झालेलं असावं. २६ पैकी जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. खरी अडचण इथेच येते. आधी ८ आठवडे घेतले, तर कामावर परत जाताना बाळ १८ आठवड्यांचं, म्हणजे जेमतेम सव्वाचार महिन्यांचं असतं. शेवटपर्यंत ऑफिसला जाऊन फक्त दोन आठवडे आधी घेतले, तरी साडेपाच महिन्यांचं. आणि बहुतेक पाळणाघरं सहा महिन्यांच्या आतलं बाळ घेतच नाहीत. काही तर "चालायला लागल्यावर आणा" म्हणतात.

म्हणजे रजा संपते तो दिवस आणि पाळणाघर बाळ घेईल तो दिवस यांच्यात दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंतची फट असते. ती कोण भरणार ते आत्ताच लिहा: साठलेली रजा, बिनपगारी रजा, आजी, की बाबाची रजा. खासगी नोकरीत वडिलांना कायद्याने रजा नाही. कंपनीच्या धोरणात असेल ती. केंद्र सरकारी नोकरीत वडिलांना १५ दिवस मिळतात. बिनपगारी महिना घेणार असाल तर तो पगार खर्चाच्या वहीत टाका. तोही बाळ सांभाळण्याचाच खर्च आहे, फक्त त्याची पावती मिळत नाही.

सरकारी नोकरीतल्यांना वेगळी बालसंगोपन रजाही आहे: केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत ७३० दिवस, महाराष्ट्र शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवस. ती पहिल्याच वर्षी संपवू नका. मूल दोन-तीन वर्षांचं असताना गोवर-कांजिण्यांत आणि पुढे दहावीत ती सोन्यासारखी वाटते, असं माझी जिल्हा परिषदेतली मावसबहीण सांगते.

पायरी २: तासांची पट्टी

कागदावर सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत आडवी रेघ मारा. त्यावर दोघांच्या घराबाहेर असण्याच्या वेळा रंगवा. ऑफिसची वेळ धरू नका. दार बंद करून निघाल्यापासून दार उघडेपर्यंतची धरा. माझं ऑफिस साडेनऊ ते साडेसहा. पण कर्वेनगरहून हिंजवडीला पोचायचं तर आठ-सव्वाआठला निघावं लागायचं आणि परत यायला पावणेआठ. पाळणाघर नऊ ते साडेसहा. म्हणजे सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी सव्वा तास उघडा पडत होता.

हे दोन तास सगळ्यांत महाग पडतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मधले नऊ तास कोणीही विकतं. कडेचे तास मिळत नाहीत. मिळाले तर लेट फी म्हणून, किंवा शेजारच्या आजींच्या उपकारावर, किंवा दोघांपैकी एकाने रोज मीटिंगमधून उठून निघण्यावर. आमच्याकडे शेवटी सकाळ नवऱ्याची आणि संध्याकाळ माझी ठरली. त्यासाठी मी आठ ते पाचची शिफ्ट मागून घेतली. एक पैसा न देता सुटलेला हा आमचा एकमेव प्रश्न, त्यामुळे तुमच्या मॅनेजरशी हे बोलणं फी ठरवण्याच्या आधी करा.

पाळणाघर घराजवळ घ्यावं की ऑफिसजवळ? माझं मत घराजवळ. ऑफिसजवळ असलं की मधल्या सुट्टीत बाळाला भेटता येतं, हे खरं. पण तुम्ही आजारी पडून घरी राहिलात की बाळही घरीच, आणि भूमकर चौकातल्या ट्रॅफिकमध्ये रडणारं तान्हं घेऊन दीड तास बसणं म्हणजे काय ते एकदा अनुभवलं की पुरतं. बाळाला अंगावर पाजत असाल आणि पाळणाघर ऑफिसच्या आवारातच असेल, तरच उलटा विचार करा.

पायरी ३: कोणकोण सांभाळू शकतं

आजी-आजोबा. हा फुकटचा पर्याय समजला जातो. तसा तो नाही. माझ्या सासूबाई सांगलीहून यायच्या, माझी आई साताऱ्याहून. तीन महिने ही, दोन महिने ती. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत, म्हणून प्रवासाचा भार फारसा नव्हता. पण तिकडे सासरे एकटे राहायचे, त्यांचा डबा लावावा लागायचा. सासूबाईंच्या गुडघ्याचं फिजिओथेरपीचं बिल इकडे पुण्यात भरलं गेलं. आणि एका दुपारी त्या सहज म्हणाल्या, "मला इथे चहा प्यायला सुद्धा कोणी नाही गं." तो आकडा कुठल्या रकान्यात लिहायचा ते मला अजून कळलेलं नाही. आजीला बोलावणार असाल तर तिच्या हाताखाली निदान अर्धा दिवस मदतनीस ठेवा, रविवार तिचा तिला मोकळा द्या, आणि तिच्या खात्यावर दरमहा काही रक्कम जाऊ द्या. "घेणार नाही" म्हणतात, तरी पाठवा.

घरगुती पाळणाघर. एखाद्या काकू आपल्या राहत्या घरात सात-आठ मुलं सांभाळतात. पुण्याच्या मध्यवर्ती आणि जुन्या वस्त्यांत मला आणि मैत्रिणींना पूर्ण दिवसाला पाच ते नऊ हजारांपर्यंतचे आकडे सांगितले गेले. फायदा म्हणजे माणूस बदलत नाही, वरणभात गरम मिळतो, आणि उशीर झाला तर काकू फोनवर रागावतात पण मूल बाहेर उभं करत नाहीत. तोटा असा की काकू आजारी तर पाळणाघर बंद. काकूंच्या पुतण्याचं लग्न, तरी बंद.

साखळी डे-केअर. बाणेर, वाकड, खराडीकडे हीच जास्त. बारा-पंधरा हजारांपासून पुढे, लहान बाळाला आणखी जास्त. कॅमेरा, अॅप, रोजचे फोटो. इथे मुलांना सांभाळणाऱ्या मुली मात्र फार लवकर नोकरी सोडतात. फोटोतल्या मुलाच्या मागे दर महिन्याला नवी ताई दिसायला लागली, तर ते लक्षात घ्या.

घरी बाई. बारा तासांच्या किंवा चोवीस तासांच्या. एजन्सीमार्फत आणलं तर बहुधा एका पगाराइतकं कमिशन, आणि बाई सोडून गेल्या तर ठरावीक मुदतीत बदली. ही मुदत आणि किती वेळा बदली देणार हे कागदावर घ्या. तोंडी आश्वासन तिसऱ्या बाईच्या वेळी कोणाला आठवत नाही. पोलीस पडताळणी करा, आणि ती अपमान न वाटू देता करा: "सोसायटीत सगळ्यांचीच करतात" एवढं पुरतं. आठवड्याची सुट्टी, दिवाळीचा एक पगार, आजारपणाच्या पगारी सुट्ट्या आधीच ठरवा. आमच्याकडे आलेल्या मावशींची स्वतःची दीड वर्षांची नात होती. तिला सांभाळायला त्यांच्या सुनेने काम सोडलं होतं.

अंगणवाडी. मध्यमवर्गीय वस्तीत कोणी नावच काढत नाही, पण तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे पूर्वप्राथमिक शिक्षण आणि खाऊ मिळतो, तोही मोफत. वेळ मात्र काही तासांचीच. केंद्र सरकारच्या 'मिशन शक्ती'मधल्या 'पाळणा' योजनेत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघरं सुरू होत आहेत. तुमच्या भागात आहे का ते अंगणवाडी सेविकेला विचारा. तुमच्याकडे काम करणाऱ्या ताईंसाठी विचारलंत तरी उपयोग होईल.

पायरी ४: महिन्याचा नाही, वर्षाचा हिशेब

माझे वाढलेले सहा रकाने इथे आहेत. समजा पाळणाघराची फी महिन्याला ९,००० रुपये आहे. वर्षाचे १,०८,००० झाले. आता पुढचं लिहा.

प्रवेश फी, परत न मिळणारी: ५,०००. दसरा-दिवाळी भेट, गॅदरिंग, 'अॅक्टिव्हिटी': ३,०००. लेट फी, अर्ध्या तासाला १०० धरून महिन्यात सहा वेळा: वर्षाला ७,२००. रिक्षा, रोजचे ६० रुपये, महिन्याला २२ दिवस: १५,८४०. एकूण १,३९,०४०, म्हणजे महिन्याला जवळजवळ ११,६००. फलकावरच्या आकड्यापेक्षा २,६०० जास्त. डिपॉझिट यात धरलेलं नाही, कारण ते परत मिळायला हवं. मिळतं की नाही ते जुन्या पालकांना विचारा. डायपरही धरले नाहीत. ते घरी राहिलं तरी लागतातच.

पाचवा रकाना बंद दिवसांचा. वर्षाची सुट्ट्यांची यादी मागा. गणपती, दिवाळी, मे महिन्यातला एखादा आठवडा मिळून १५ दिवस सहज होतात. सहावा आजारपणाचा. पाळणाघराच्या पहिल्या सहा महिन्यांत मूल सतत सर्दी-तापाने आजारी पडतं. सगळ्यांचंच पडतं, तुमचं काही चुकलेलं नसतं. ताप असेल तर पाळणाघर घेत नाही, आणि घेऊही नये. वर्षाला १२ दिवस धरा. म्हणजे २७ दिवस दोघांपैकी कोणीतरी घरी. दोघांच्या रजा एकत्र मांडा आणि नावानिशी वाटून टाका. "तेव्हाचं तेव्हा बघू" म्हटलं की ते आईच्याच वाट्याला येतं.

आता तासाचा दर काढा. दिवसाचे १० तास, महिन्याचे २२ दिवस म्हणजे २२० तास. ११,६०० भागिले २२० म्हणजे तासाला ५३ रुपये. घरी येणाऱ्या मावशींचा पगार १८,००० असेल, तर दिवाळीचा पगार आणि एजन्सीचं एकदाचं कमिशन मिळून वर्षाचे १४ पगार, म्हणजे २,५२,०००, महिन्याला २१,०००. दिवसाला १२ तास, महिन्याला २६ दिवस: तासाला ६७ रुपये. नुसत्या फीकडे बघताना दुप्पट वाटणारा पर्याय तासावर आणला की सव्वापट निघतो. दोन मुलं असतील तर गणित उलटतंच: पाळणाघर दोन फी घेईल, मावशींचा पगार थोडाफार वाढेल. तासाच्या दरात एक गोष्ट दिसत नाही. ते तास तुम्हाला हवे होते का? दुपारी चारलाच घरी येणाऱ्या शिक्षिकेला बारा तासांच्या बाईचा काय उपयोग?

एक चूक सांगते, माझीच. एका ठिकाणी वर्षाची फी एकरकमी भरली तर १० टक्के सवलत होती. मी भरली. दीड महिन्यात लक्षात आलं की लेक तिथे झोपतच नाही, दिवसभर जागी राहून घरी आल्यावर रडते. काढायचं ठरवलं, तेव्हा उरलेली फी "नियमात बसत नाही" म्हणून परत मिळाली नाही. पहिले तीन महिने दरमहाच भरा, कितीही सवलत असो. सोडताना किती दिवसांची नोटीस द्यायची तेही प्रवेशाच्या फॉर्मवर लिहून घ्या.

पायरी ५: न सांगता जा

पहिली भेट वेळ ठरवून द्या. दुसरी सकाळी अकरा वाजता, न सांगता. त्या वेळी खेळ संपलेला असतो, जेवण यायचं असतं, मुलं चिडचिडी असतात. तेव्हा ताई काय करतात ते बघा.

मुलं मोजा, माणसं मोजा. केंद्र सरकारने २०१८ साली पाळणाघरांसाठी काढलेल्या किमान मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक सांभाळणारी, शिवाय मदतनीस, असं प्रमाण आहे. मला तेही कमीच वाटतं. सहा-आठ महिन्यांची दहा तान्ही एका बाईने कशी सांभाळायची? बाळांसाठी चार-पाचांमागे एक असेल तरच मी हो म्हणेन. फी थोडी जास्त असण्याचं योग्य कारण शोधायचं असेल तर ते हे आहे. भिंतीवरची कार्टून नाहीत.

कॅमेऱ्यांबद्दल: २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरातल्या मारहाणीचं चित्रीकरण बाहेर आलं, आणि तेव्हापासून पालक पहिला प्रश्न कॅमेऱ्याचाच विचारतात. विचारा जरूर. पण तो प्रकार कॅमेरा असूनच घडला होता, हेही ध्यानात ठेवा. कोणत्याही वेळी पालकांना आत येऊ देतात का, हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो. "मुलं डिस्टर्ब होतात" असं उत्तर मिळालं तर पुढचं पाळणाघर बघा.

बाकी पटापट: गच्ची आणि जिन्याला दार, गॅस मुलांच्या हाताला लागणार नाही असा, जवळचे डॉक्टर कोण, मुलाला न्यायला कोण येऊ शकतं याची लेखी यादी.

कामावर रुजू होण्याच्या दोन आठवडे आधीपासून बाळाला सोडायला सुरुवात करा, पहिल्या दिवशी एक तास. तो अर्धा महिना फी 'वाया' जाते. जाऊ द्या.

पायरी ६: ऑफिसकडे मागा

पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असणं २०१७ च्या दुरुस्तीने बंधनकारक केलं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. पन्नास कर्मचारी म्हणजे एकूण, पन्नास बायका नव्हेत. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यावं, असंही कायदा म्हणतो. २०१८ च्या सूचनांप्रमाणे हे पाळणाघर ५०० मीटरच्या आत असावं. प्रत्यक्षात अनेक कंपन्या स्वतःचं पाळणाघर न चालवता बाहेरच्या डे-केअरशी करार करतात आणि फीचा काही भाग देतात, आणि हे धोरण एचआरच्या कुठल्या तरी फोल्डरमध्ये पडून असतं. नेमणुकीच्या वेळी ही माहिती लेखी द्यायची असते. मिळाली नसेल तर ईमेलने मागा. ईमेलनेच, चहाच्या टपरीवर नाही. एकटीने विचारायला अवघड वाटलं तर तिघीचौघींनी मिळून विचारा. आमच्याकडे तसंच झालं, आणि चौथी सही एका बाबाची होती. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत स्तनपानासाठी दोन विरामही कायद्याने मिळतात.

कराचं म्हणाल तर पाळणाघराच्या फीवर वजावट नाही. मात्र तेच ठिकाण प्ले-स्कूल किंवा नर्सरीही चालवत असेल, तर जुन्या करपद्धतीत नर्सरीच्या शिक्षण शुल्काचा (ट्यूशन फीचा) भाग दीड लाखाच्या एकूण मर्यादेत दोन मुलांपर्यंत दाखवता येतो. त्यासाठी पावती वेगळी हवी: नर्सरीची एक, डे-केअरची एक. वर्ष संपल्यावर मागितली तर "सिस्टिममध्ये होत नाही" हे उत्तर मिळतं. पहिल्याच महिन्यात मागा. नव्या करपद्धतीत हा विषयच नाही.

पायरी ७: कोणाच्या पगारातून वजा करायचं

माझा पगार तेव्हा अडतीस हजार होता. घरातल्या एका काकांनी बोटांवर हिशेब केला: बारा हजार पाळणाघर, चार हजार येण्याजाण्याचे, "मग बावीस हजारांसाठी एवढी ओढाताण कशाला?" नवऱ्याचा पगार त्या हिशेबात आलाच नाही. मूल जणू माझं एकटीचं.

फी दोघांच्या एकत्र उत्पन्नातून वजा करा. एका संयुक्त खात्यातून भरा. आमच्याकडे दोघे पगाराच्या प्रमाणात त्यात टाकतो. आणि नोकरी सोडायची की नाही हे ठरवताना फक्त आजचा हातात येणारा पगार धरू नका. पीएफमधला कंपनीचा वाटा, दरवर्षीची वाढ, कंपनीचा आरोग्य विमा, तीन-चार वर्षांनी परत नोकरी शोधताना कुठल्या पगारावर सुरुवात होईल, हे सगळं त्याच कागदावर मांडा. सगळं मांडूनही कोणाला घरी राहावंसं वाटलं, आईला किंवा बाबाला, तर खुशाल राहावं. मात्र बोटांवरच्या अर्धवट हिशेबाने नको.

पायरी ८: तीन वर्षांनंतर

"शाळा सुरू झाली की सुटाल" असं सगळे म्हणतात. नर्सरी तीन तासांची असते. सव्वाबाराला सुटते. मग शाळेची फी, व्हॅनची फी, आणि पाळणाघराची 'अर्ध्या दिवसाची' फी, जी पूर्ण दिवसाच्या निम्मी कधीच नसते. आमच्याकडे पाऊणपट होती. व्हॅनवाले काका शाळेतून थेट पाळणाघरात सोडतात का, हे शाळा निवडण्याच्या आधी विचारा. मी नंतर विचारलं, आणि दोन महिने रोज दुपारी बाराला ऑफिसातून फोन करून रिक्षावाल्या काकांना कोपऱ्यावर उभं केलं. मे महिन्यात शाळा बंद असते, व्हॅन मात्र बहुधा पूर्ण पैसे घेते, आणि पाळणाघर परत पूर्ण दिवसावर जातं. सुट्टीच्या दिवसांचा दर फेब्रुवारीतच ठरवून घ्या. एप्रिलमध्ये जागा भरलेल्या असतात, मग सांगतील तो आकडा द्यावा लागतो.